चाळीस नमुने, एक रोप

८ जानेवारी
पोशीर गाव. मथुरामावशींचा वाल फुलावर आलाय, शेंड्यांना काळ्या माव्याची कीड. अख्ख्या वाडीला बियाणं याच शेतातून जातं, म्हणून त्यांना जास्त धास्ती. माव्याचे नमुने कुठून घ्यायचे हे मी ठरवायला हवं होतं. मावशींनी हाताला धरून बांधाजवळ नेलं. "हितं लय हाय बग. कशाला पायपीट करतेस?" चाळीस नमुने, वीस मिनिटांत. वर चहा आणि तांदळाची भाकरी.

२० जाने.
निकाल आला. चाळीसही एकाच वंशाचे. माव्याच्या मादीला नर लागत नाही, ती आपल्यासारख्याच लेकी काढत राहते. त्यामुळे नवल नाही वाटलं. पानाला औषध लावून पाहिलं, सगळे मेले. प्रयोगशाळेतले सर खूश. "मग एकच औषध पुरे." शेतकऱ्यांना वाटायचं पत्रक छापायला गेलंसुद्धा.

२३ जाने.
शेतातली वही चाळली. माझंच अक्षर: नमुने ४०, रोप १.
एका आईच्या चाळीस लेकी मोजल्या आणि गावात एकच घराणं आहे म्हणून सांगून मोकळी झाले. शुद्ध गाढवपणा. सरांना अजून...

२४ जाने.
पुन्हा पोशीर. दर दहा पावलांवर एक रोप, रोपावरून एकच मावा. दुपार झाली. मावशींना गंमत वाटली. "आज अशी चिमटीचिमटीनं का गं? बांधाला ढीग हाय ना." कारण सांगितलं नाही. लाज वाटली.

५ फेब्रु.
एकाच शेतात तीन वंश. दोन औषधाने मरतात. तिसऱ्याला फरक पडत नाही. फवारलं तर ते दोन जातील आणि याला रान मोकळं.
सरांना सगळं सांगितलं. रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. "पत्रकं वाटून झाली. पुढच्या हंगामात दुरुस्ती काढू." पोशीरच्या पहिल्या टेंपोची वेळ विचारून ठेवली.

६ फेब्रु.
पहिल्या टेंपोने पोशीर. मावशी पंप पाठीला लावून तयार, हातात पत्रक. थांबा म्हटलं. चूक माझी आहे म्हटलं, एका रोपाची गोष्टही सांगितली. मावशींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.
"मंग नको मारू? ह्यो वाल गेला तं वाडीला पेरायला काय देऊ?"
शेंडे खुडा, राख उडवा, एवढंच सुचलं. त्याने वाचेल का, मावशींनी विचारलं. माहीत नाही म्हटलं.
"कागदाला तं सगलं म्हाईत हाय."
पंप उतरवला नाही. नळीही उचलली नाही. बांधावर टेकल्या आणि म्हणाल्या, "बस."

बसले.