माझा पहिला अभिप्राय रद्द समजावा

म्हैसूर,
२ फेब्रुवारी २०२५

चि. मृण्मयीस,

आईचे आणि माझे आशीर्वाद. इथली थंडी ओसरली, सकाळी स्वेटर लागत नाही. पुण्यात तू वेळेवर जेवतेस असं धरून चालतो.

टपालाने आलेलं पत्र पाहून बुचकळ्यात पडशील. तुमच्या बीटामध्ये, म्हणजे त्या चाचणीच्या आवृत्तीत, ‘अभिप्राय’ नावाचं बटण आहे खरं, पण तिथे लिहिलेलं सगळी टीम वाचते असं तूच म्हणाली होतीस. हे आधी तू एकटीने वाचायचं आहे.

कामाचं प्रथम. डिसेंबरात येऊन तू माझ्या, आईच्या आणि शेजारच्या नरसिंहमूर्तींच्या फोनवर तुमची नवी ऑपरेटिंग सिस्टीम घालून गेलीस आणि बजावलंस, "अजून ती बाजारात आलेली नाही, चुका असणारच. भीड धरू नका." तर ऐक. अक्षरं मोठी झाली, हे उत्तम. बॅटरी संध्याकाळ गाठत नाही, हे वाईट. नरसिंहमूर्तींचा अलार्म वाजलाच नाही आणि त्यांची हुणसूरची पहिली बस चुकली. तेव्हापासून ते स्वतःच्या फोनला ‘निम्म मगळ फोनु’, म्हणजे तुमच्या मुलीचा फोन, असं म्हणतात. त्यांच्या पत्नी विशालाक्षीअम्मांना एकेका माणसाचे फोटो आपोआप वेगळे लागतात ते फार आवडलं. फक्त त्या आणि त्यांची जाऊ या दोघी फोनच्या मते एकच बाई आहेत, त्यावरून दोघीही रुसल्यात.

आणि ते ‘लिहून बोला’. आपण टाईप करायचं आणि यंत्राने ते मोठ्याने बोलायचं, समोरासमोर किंवा फोनवर. त्यावर मी पहिल्याच आठवड्यात कळवलं होतं, "ज्याला जीभ आहे त्याला याचा काय उपयोग? काढून टाकावं." नरसिंहमूर्तींनीही तेच लिहिलं. मागच्या वेळी फोनवर तू म्हणालीस की बहुतेकांचं मत तसंच आलंय, कुणी फारसं ते उघडतही नाही, आणि या महिन्यातल्या बैठकीत ते काढायचं ठरेल. मला ऐकून वाईट वाटलं, कारण ते तू मन लावून बनवलेलं. पण मी नुसतं ‘हं’ म्हणालो.

आई फोनवर का येत नाही, हे तू दर वेळी विचारतेस. एकदा ती देवळात होती, एकदा झोपली होती, मग तिचा घसा बसला होता. मृण्मयी, तिचा घसा बसलेला नाही.

आधी हे वाच: ती घरी आहे, चालते, जेवते, माझ्यावर रागावते.

संक्रांत झाली त्याच आठवड्यात, सकाळी ती अंगणात जास्वंदी काढत होती. आत आली ती भिंत धरून. मला काही सांगू लागली, पण तोंडातून शब्द येईना, नुसता आवाज. ओठ एका बाजूला ओघळलेला. मी ओरडलो असेन, कारण नरसिंहमूर्ती बनियनवरच धावत आले आणि त्यांनीच गाडी काढली. डॉक्टर श्रीलक्ष्मी म्हणून आहेत, तरुण आहेत, तुझ्याच वयाच्या. "वेळेत आणलंत," म्हणाल्या. मेंदूतली लहानशी गुठळी होती. पाय सुधारला. उजवा हात अजून जड आहे. शब्द तिच्या डोक्यात सगळे जागच्या जागी आहेत, फक्त जीभ वळत नाही. रोज व्यायाम करवून घेतात. किती सुधारेल ते आत्ताच सांगता येत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

तुला कळवायला मी हॉस्पिटलमध्येच फोन काढला होता. तिने डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि मान हलवली. तुझी सिस्टीम मार्चमध्ये बाहेर पडायची आहे, तोवर तुला त्रास नको, एवढं मला न बोलता समजलं. मी ऐकलं. खरं सांगायचं तर मलाही ते सोयीचं झालं. तुला सांगताना माझा आवाज कसा निघाला असता कोण जाणे.

घरी आल्यावरचे दिवस कठीण गेले. ती खुणा करायची, मी चुकीचं ओळखायचो. ती खिडकीकडे बोट करी, मी खिडकी उघडे. तिला बाहेरचे वाळत घातलेले कपडे हवे असत. रागाने रडायची. ती कधी अशी रडल्याचं तुला आठवतं का? मला आठवत नाही.

मग एका दुपारी तिने स्वतःच फोन ओढून घेतला आणि डाव्या हाताच्या एका बोटाने तुझं ते ‘लिहून बोला’ उघडलं. बराच वेळ टाईप करत होती. मी शेजारी बसलो होतो. इतक्या दिवसांनी ही काय बोलणार? आणि फोन एका तरुण पुणेरी मुलीच्या आवाजात म्हणाला, "चहात साखर घाला. मला मधुमेह नाही."

मी उठून चहा केला. स्वयंपाकघरात थोडा वेळ उभा राहिलो, मग आणला.

आता तिचा अभिप्राय. तिला तो आवाज मुळीच पसंत नाही. दुसरं वाक्य तेच होतं: "ही कोण बाई?" आपल्या घरच्या मराठीत मिसळलेलं कन्नड त्या बाईला झेपत नाही. आई मला गप्प करायला लिहिते, ‘सुम्ने बसा’, आणि यंत्र ते असं म्हणतं, जणू सुम्ने नावाच्या गृहस्थांना खुर्ची देतंय. तरी ती ते दिवसभर वापरते.

परवा हट्टाने मला देवराज मोहल्ल्यात घेऊन गेली. ब्लाउजचे हूक एका हाताने लागत नाहीत, तिथे वेल्क्रोची पट्टी लावून हवी होती. शिंपी कार्तिकेय तिचा जुना. मी बोलायला तोंड उघडलं, तर तिने कोपर मारलं. स्वतः कन्नडमध्ये लिहून फोन त्याच्यापुढे धरला. त्याने ऐकलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि तिला मोठमोठ्याने, एकेक शब्द तोडून उत्तर द्यायला लागला. दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघू लागली. आईने शांतपणे टाईप केलं. फोन म्हणाला, "नन्न किवि सरियागिदे." माझे कान ठीक आहेत.

कार्तिकेय ओशाळला, मग हसला. "क्षमिसि, अम्मा," म्हणाला. आणि आई हसली. अर्ध्याच तोंडाने, पण मोठ्याने हसली गं.

बाहेर येऊन फुलवालीजवळ सावलीत थांबली आणि लिहू लागली. फोन म्हणाला, "मृण्मयीला सांगा."

मी म्हणालो, "मार्चपर्यंत थांबायचं होतं ना?"

"आता सांगा. हे काढू नका म्हणावं." मग पुन्हा बोट फिरत राहिलं. "मला तिच्याशी बोलायचंय."

आणि रिक्षात बसल्यावर, "ती बाई तेवढी बदला."

म्हणून हे पत्र. माझा पहिला अभिप्राय मी परत घेतो. नरसिंहमूर्तींनीही त्यांचा मागे घेतलाय, अलार्मची तक्रार मात्र कायम ठेवून. बैठकीत हे सांगावंसं वाटलं तर सांग. आईची हरकत नाही, नाव घालून सांग म्हणते. तिकडे काय ठरेल ते तुमच्या वरिष्ठांच्या हातात.

यायचं तर ये, पण धावतपळत येऊ नकोस. आधी फोन कर. ‘हॅलो’ म्हणालीस की पलीकडून बराच वेळ काहीच ऐकू येणार नाही. परवा अलकामावशीने लाईन गेली समजून फोन ठेवून दिला, आणि ही अर्धं वाक्य लिहून तशीच बसून राहिली. तू ठेवू नकोस. शांतता असली म्हणजे ती लिहीत असते. थांब.

तिने वाचून, माझं शुद्धलेखन सुधारून, पसंत केलेलं हे पत्र पाठवणारे

तुझे बाबा

आणि खाली डाव्या हाताने, तिची तिनेच केलेली सही,

आई