गच्चीवरचं पिंप

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
नवी पेठ, सोलापूर
ता. ५ फेब्रुवारी १९७८

ती. सौ. महादेवीअक्कास धाकट्या दाक्षायणीचा शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कारण महिनाभर माझे हात काळ्या रंगानं माखलेले होते. हसू नकोस. आमच्या गच्चीवर मी उन्हानं पाणी तापवायचं यंत्र बसवलंय, तेही मिस्त्री न लावता. एका मासिकात कृती आली होती. पत्र्याची उथळ पेटी, तिच्यात काळे रंगवलेले नळ, वरून काच. नळांतलं पाणी तापून पिंपात जमायचं. पिंप गार पडू नये म्हणून भोवती भुसा भरून गोणपाट शिवलं. नळांना आटे मीच पाडले, यांनी फक्त पाना धरला. सासूबाईंचे गुडघे धरतात. चुलीवरचं उकळतं भांडं त्यांना मोरीपर्यंत न्यावं लागू नये, म्हणून हा खटाटोप.

पण कुठंतरी चुकतंय. पेटी जिन्याच्या खोलीच्या छतावर ठेवली, कारण तिथं दिवसभर ऊन. पिंप खाली गच्चीत, पाणी काढायला सोपं. वर नळाला बोट लावलं तर चटका बसतो, आणि पिंपातलं पाणी मात्र गारच्या गार. चार मार्चला शाळेचं विज्ञान प्रदर्शन आहे. आमच्या मुख्याध्यापिका सगळ्यांना गच्चीवर आणणार म्हणतात. तुला काही सुचतं का?

दाजींना नमस्कार. माया आहेच, ती पत्रातूनही येऊ दे.
तुझी,
दाक्षायणी

॥ श्री ॥
मोहोळ
ता. १२ फेब्रुवारी १९७८

चि. सौ. दाक्षायणीस अ. उ. आ.

तुझं पत्र यांनी पेंडीच्या दुकानात गिऱ्हाइकं थांबवून मोठ्यानं वाचलं. आमची मेव्हणी बी.एस्सी. झालेली, शाळेत शिकवते, नळाला आटे पाडते, असं लई वेळ चाललं होतं. मी आत ज्वारी निवडत बसले होते. माझ्याबद्दल गिऱ्हाइकाला सांगावं असं यांना वीस वर्षांत काही सापडलं नाही.

मला काय विचारतेस? मी सातवी सोडलेली. आमच्या बंबात लाकूड घातलं की पाणी तापतं, त्याला मासिक लागत नाही. काचेवर धूळ बसत असेल, ती पुसत जा. प्रदर्शनाला यायला जमायचं नाही, घरी पाहुणे आहेत.

तुझ्या सासूबाईंना, पार्वतम्मांना नमस्कार सांग. सवड झाल्यास आठवण ठेव.
तुझी,
अक्का

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
नवी पेठ, सोलापूर
ता. ६ मार्च १९७८

ती. सौ. अक्कास शि. सा. न. वि. वि.

काच रोज दोनदा पुसली. प्रदर्शनाला साठ माणसं गच्चीवर होती. पिंपाची तोटी सोडली आणि सातवीतल्या एका मुलीला हात धरायला सांगितला. गार आहे बाई, म्हणाली. सगळे हसले. मुख्याध्यापिकांनी सांभाळून घेत म्हटलं की आज ऊन कमी असावं. सोलापुरात, मार्चमध्ये ऊन कमी! त्यावर तर जास्तच हसले.

ते सोसलं असतं. काल सकाळी सासूबाई चुलीवरचं पाणी मोरीत नेताना उंबऱ्याला अडखळल्या आणि उजवा पाय घोट्यापर्यंत पोळला. डॉक्टर म्हणाले, तीन आठवडे पाय खाली टेकायचा नाही. त्या मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या मंगळवारी भंगारवाल्याला बोलावलंय. पेटी आणि पिंप दोन्ही देऊन टाकणार. हे म्हणतात थांब, पण मला आता गच्चीवर जाववत नाही.

तुझ्या मायेची आज फार गरज आहे.
दाक्षायणी

॥ श्री ॥
मोहोळ
ता. ९ मार्च १९७८

चि. दाक्षायणीस अ. उ. आ.

भंगारवाल्याला परत पाठव. पेटी खाली गच्चीत आण आणि पिंप वर, जिन्याच्या खोलीवर चढव. तापलेलं पाणी वर जातं. तुझी पेटी आधीच वर आहे, मग तापलेलं पाणी तिथंच अडकून बसतं, पिंपात उतरणार कसं? बंबाच्या तळाशी पाणी कोमट असतं तेव्हा वरचं पोळत असतं. वीस वर्षं रोज हात घालून मला ते ठाऊक आहे.

आता पुढचं वाच. हे मला आज सुचलेलं नाही. तुझं पहिलं पत्र ऐकलं, त्याच दिवशी ज्वारी निवडता निवडता कळलं होतं. तरी मी तुला काच पुसायला लावली. पाहुणे कुणी नव्हते. चार तारखेला मी पुरण घातलं. आज काय विशेष, असं यांनी विचारलं, तर मी म्हटलं, सहज. तिकडं तुझं पिंप गार निघणार हे मला माहीत होतं.

आई गेली तेव्हा तू सात महिन्यांची होतीस. गणितात माझा पहिला नंबर होता. अप्पांनी शाळेतून नाव काढलं, कारण तुला बघायला कुणी नव्हतं. तुझी वेणी घालून तुला शाळेला धाडायचे आणि तू दिसेनाशी होईतो दारात उभी राहायचे. लोकांना वाटायचं, अक्काचा किती जीव. जीव होताच गं. पण पोटात दुसरंही काही होतं, आणि ते कधी गेलंच नाही.

पार्वतम्मांचा पाय माझ्यामुळं पोळला. लोभ ठेव असं लिहायला मला तोंड नाही.
महादेवी

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
नवी पेठ, सोलापूर
ता. २० मार्च १९७८

अक्का,

तुझं पत्र वाचून ते फाडायला घेतलं होतं. यांनी हातातून काढून घेतलं. चौथ्या दिवशी आम्ही दोघांनी पिंप वर चढवलं, पेटी खाली घेतली. दुपारी चारला तोटी सोडली आणि हात झटकन मागं घ्यावा लागला. सासूबाईंनी पोळलेला पाय चौरंगावर ठेवून अंघोळ केली आणि आणखी एक बादली मागितली.

मुख्याध्यापिका पाहायला आल्या. हे कसं सुचलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, विचार करता करता सुचलं. इतकं सहज तोंडातून गेलं की माझी मलाच भीती वाटली. त्यांनी शाळेच्या फळ्यावर माझं नाव लिहवून घेतलं. दोन दिवस मी त्या फळ्यासमोरून ये-जा केली आणि ते पुसलं नाही.

का पुसलं नाही ते सांगते. तापलेलं पाणी वर जातं, हे आठवीच्या मुलींना दर वर्षी मीच शिकवते. ते मला दिसलं नाही, आणि तुला बंबात हात घालून दिसलं. आलागेला कुणीही असो, अप्पा सांगायचे की डोकं थोरलीचं, धाकटीचं नशीब. ते खोटं पाडायला मी बी.एस्सी. केलं. तू दारात उभी राहून माझ्यावर जळत होतीस म्हणतेस. मी पुढं चालत तुझ्यावर जळत होते.

आज फळा पुसला. त्यावर लिहिलं: सौ. महादेवी ईश्वरप्पा, मोहोळ. मुलींनी विचारलं, ह्या कोण? मी सांगितलं, शनिवारी येतील आणि सगळं त्याच समजावून सांगतील. मुख्याध्यापिकांनाही सगळं खरं सांगितलंय, फक्त तुझ्या महिनाभराच्या गप्प बसण्याबद्दल बोलले नाही. सासूबाईंनाही ते ठाऊक नाही. ते तू स्वतः त्यांच्यासमोर बसून सांगायचं. मी मध्ये पडणार नाही.

माझा राग अजून गेलेला नाही, आणि गेला असं खोटं लिहिणार नाही. तरी शनिवारी सकाळच्या एस.टी.नं ये. यायचंच.

लोभ आहे, तो भांडणासकट असू द्यावा.
तुझी,
दाक्षायणी