कुलूपवालीला लग्नातून सोडवण्याबाबत

मी, ज्याला घरचे आणि कामावरचे सगळे 'यंदा' म्हणतात, वय लग्नाचं पण लग्न नाही, शिक्षण सातवीपर्यंत आणि तेही ढकलत ढकलत, धंदा उंच इमारतींच्या काचा दोरावर लटकून पुसणे आणि कादंबऱ्या लिहून स्वतःच विकणे, आज डोकं ठिकाणावर असताना, पोटात दारूचा थेंब नसताना आणि कोणीही मानेवर बसलेलं नसताना हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवतो. मला राग आलेला आहे. पण राग येणं म्हणजे डोकं फिरणं नव्हे, हे साक्षीदारांनी ध्यानात ठेवावं. यातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका माझ्या मालकीच्या आहेत. त्या कोणी सुधारल्यास हा कागद रद्द समजावा.

कारण असं, की सोमवारपासून आम्हाला नव्या इमारतीवर चढवणार आहेत. एवढ्या उंचीवर आमच्यातलं कोणी अजून लटकलेलं नाही. कंपनीने फॉर्म दिला. त्यात 'वारस' या शब्दापुढे एकच ओळ.

मी सुपरवायझरला म्हटलं, "साहेब, एका ओळीत मावत नाही."

"नाव लिही, नातं लिही, सही कर. कादंबरी नको लिहूस."

म्हणून कादंबरी बाजूला ठेवून हे लिहायला बसलो.

माझ्याकडे जमीन नाही, घर नाही. मिळकत म्हणाल तर तीन छापलेल्या कादंबऱ्या, एक अर्धी, न झालेली काही लक्ष्यं, एक घडीची शिडी आणि बरंचसं वैर. लक्ष्यांचं सांगतो. एकदा काच पुसताना आत मीटिंग चालली होती. फळ्यावर वर्षाचं टार्गेट लिहिलेलं, एक बाण वर चाललेला, आणि माणसं टाळ्या वाजवत होती. मी बाहेर फेसात. मनात म्हटलं, हे खुर्चीत बसून वर जायच्या गोष्टी करतात, मी तर आधीच वर आहे. तेव्हापासून दर वर्षाच्या सुरुवातीला मीही ठरवायला लागलो आणि घरी फोन करून सांगायला लागलो: यंदा रोज एक पान, यंदा दोन पुस्तकं. ऑफिसवाले त्याला टार्गेट म्हणतात, मी लक्ष्य म्हणतो, दादा फुशारकी म्हणतो. 'यंदा' हे नाव त्यानेच पाडलं. मी तेच पुस्तकांवर छापलं, म्हणजे चिडवायची मजा त्याला उरू नये.

आता वाटणी.

कलम पहिलं. पहिल्या वर्षाचं लक्ष्य, रोज एक पान, मी माझ्या खोलीतल्या घोरीला देतो. घोरी म्हणजे माझ्या वरच्या बिछान्यावरचा माणूस. माझ्या कादंबऱ्या मी फोनमध्ये बोलून ठेवतो, कारण लिहायला बसलो की हात अडतो. त्या वर्षीच्या प्रत्येक प्रसंगामागे याचं घोरणं आहे. खुनाच्या वेळीसुद्धा. त्याने आता रोज एक पान लिहावं, आणि लिहिताना शेजारी त्याचंच घोरणं लावून ठेवावं.

कलम दुसरं. दुसऱ्या वर्षाचं लक्ष्य, दोन पुस्तकं, सुपरवायझरला. मी दोरावर फोनमध्ये बोलत होतो. गच्चीवरून हा ओरडला, "कोणाशी बोलतोयस रे?"

"कुलूपवालीशी."

"पोरीशी बोलायला दोर दिलाय का तुला?"

त्याने मला तळघरातल्या पार्किंगची फरशी धुवायला लावलं, आणि त्या वर्षीच्या दोनांतलं एक पुस्तक तिथल्या साबणाच्या पाण्यात गेलं. कुलूपवाली ही माझी नायिका आहे. ज्यांच्या किल्ल्या हरवल्या त्यांची दारं ती उघडून देते, आणि दारामागे कोणीतरी काहीतरी दडवलेलं असतं. सुपरवायझरने वर्षात दोन पुस्तकं लिहावीत. न जमल्यास वाचावीत. तेही जमणार नाही, मला खात्री आहे.

कलम तिसरं. तिसऱ्या वर्षाचं लक्ष्य होतं, लोकांचे शेरे वाचायचे नाहीत. ते मोडलं त्या वाचकामुळे, ज्याला मी 'एक तारा' म्हणतो, कारण तो प्रत्येक पुस्तकाला तेवढाच देतो. "शुद्धलेखन भिकार. लेखकाने आधी शाळेत जावं." ठीक. मी माझी शाळा त्याला देतो. मोडका बाक, गळकं छप्पर, आणि माझं नाव पटावर एका तऱ्हेने आणि दाखल्यावर दुसऱ्या तऱ्हेने लिहिणारे मास्तर, सगळं त्याचं. त्याने जावं आणि बसावं.

कलम चौथं. आईला मी फोनमध्ये बोलून ठेवलेल्या सगळ्या गोष्टी, माझ्या आवाजातल्या. ती शेजारणींना सांगते, "धाकटा मोठमोठ्या ऑफिसांत असतो." खोटं नाही. काचेच्या कुठल्या बाजूला, एवढंच ती सांगत नाही. ऐकताना मारामारी आली की ती फोन बंद करते, हे मला माहीत आहे. करू दे.

कलम पाचवं, दादा. इथे साक्षीदारांनी जरा सरसावून बसावं.

मास्तरांच्या कृपेने माझ्या कागदांवर दोन नावं आहेत, म्हणून नेटवर पुस्तकं विकायचं खातं माझ्या नावाने उघडेना. ते दादाच्या नावाने आहे. मी इथून बोलून पाठवतो, तिकडे वहिनी टाइप करतात, दादा खात्यात चढवतो. दादाचं काम बटण दाबायचं. पण मागल्या वर्षी बटण दाबण्याआधी त्याने शेवटचं प्रकरण बदललं. माझ्या शेवटात कुलूपवाली नव्या गावाची गाडी पकडते. दादाच्या शेवटात तिचं लग्न होतं! एका पतपेढीच्या मॅनेजरशी, ज्याचं तोपर्यंत पुस्तकात नावसुद्धा नाही. आणि ती हत्यारांची पिशवी गुंडाळून माळ्यावर ठेवते, "कायमची".

मी फोन केला. म्हटलं, "दादा, हे काय केलंस?"

"अरे, बाईमाणूस किती दिवस लोकांची कुलपं उघडत फिरणार? वाचकाला संसार बघायचा असतो."

"ती माझी आहे."

"असेल. खातं माझं आहे."

आणि लोकांनी डोक्यावर घेतलं. पाच-पाच तारे. 'शेवट वाचून डोळे भरून आले.' कोणाचे भरले त्यांनी ते पुसावेत, मी काचा पुसतो. एक ताऱ्याने तेवढा एकच दिला. त्या दिवशी पहिल्यांदा मला तो माणूस जवळचा वाटला.

तर दादाला मी पतपेढीचा मॅनेजर देतो. तो त्याचाच आहे. दोघांनी एकमेकांचा संसार बघावा. कुलूपवालीवर, तिच्या आधीच्या किंवा पुढच्या कुठल्याही गोष्टीवर, तिच्या पिशवीतल्या एका तारेच्या तुकड्यावरही दादाचा हक्क नाही, नव्हता, आणि मी मेलो म्हणून तो उगवणार नाही. त्याने खातं वहिनींच्या नावाने करून द्यावं. न केल्यास चारही पुस्तकांच्या पहिल्या पानावर छापावं, की तिसऱ्याचा शेवट कोणी केला. नाव, हुद्दा, पत्ता.

कलम सहावं. यंदाचं लक्ष्य एकच आहे. पानं नाहीत, पुस्तकांचा आकडा नाही. कुलूपवालीला त्या लग्नातून बाहेर काढायचं. अर्धं झालंय. उरलेलं माझ्याने झालं नाही तर ती त्या घरात तशीच बसून राहील, आणि हे मला दोर तुटण्यापेक्षा वाईट वाटतं. म्हणून हे लक्ष्य मी कोणावर सूड म्हणून टाकत नाही. ते मी वहिनींना देतो.

का, ते लिहितो. तिसरं पुस्तक निघालं त्याच आठवड्यात वहिनींचा फोन आला होता. आवाज बारीक करून बोलत होत्या.

"भावोजी, ते शेवटचं प्रकरण मीच टाइप केलं. हे बाजूला उभं राहून सांगत होते."

"तुम्ही काही बोलला नाहीत?"

"बोलले ना. तर म्हणे, टाइप करणाऱ्याने टाइप करावं." मग म्हणाल्या, "एक विचारू? त्या घरातला माळा उंच असेल ना? पिशवी काढायची तर तिला शिडी लागेल."

"मग?"

"मग काही नाही. शिडी कुठे आलीच नाही गोष्टीत, म्हणून विचारलं."

मला वाटलं, ही आणखी एक चूक काढणारी. मी फोन आपटला. आता हे कलम लिहिताना कळतंय, की चौथ्या पुस्तकाची पहिली ओळ त्या माझ्याआधी शोधत होत्या.

तेव्हा वहिनी, कुलूपवाली तुमची. पुढे काय करायचं ते तुम्ही ठरवा. तिला लग्नातच ठेवायचं वाटलं, तर ठेवा. हे लिहिताना मी दातओठ खातोय, पण ठेवा. ते तुम्ही ठरवलेलं असावं, बाजूला उभं राहून कोणी सांगितलेलं नको. फॉर्ममधल्या एका ओळीतही मी तुमचंच नाव लिहिलंय. नात्याच्या जागी 'वहिनी' लिहिलं होतं, ते खोडून 'पुढची लेखिका' केलं. सुपरवायझर म्हणाला, असं नातं नसतं. मी म्हटलं, आता आहे.

कलम सातवं आणि शेवटचं. माझी अॅल्युमिनियमची घडीची शिडी. ती मी इकडे येण्याआधी घरासाठी घेतली होती. दादाने ती गॅलरीतल्या गजाला साखळीने बांधून कुलूप घातलंय, आणि किल्ली स्वतःच्या जुडग्यात ठेवतो. माळ्यावरून काही काढायचं तर वहिनींना तो घरी येईपर्यंत थांबावं लागतं. ही शिडी आजपासून, मी जिवंत असताना आणि मेल्यावरही, वहिनींची आहे. याला माझ्या मरणाची वाट बघायची गरज नाही.

किल्ली मात्र मी देऊ शकत नाही, ती माझ्याकडे नाही. पण वहिनी, तिन्ही पुस्तकं तुम्ही टाइप केली आहेत. कुलूप कसं उघडतात ते दुसऱ्या पुस्तकाच्या सुरुवातीला आहे.

साक्षीदार:
१. लंबू, शेजारच्या दोरावरचा. (वाचून म्हणाला, "मला काहीच नाही?" मी म्हटलं, "वैर उरलंय थोडं." तो म्हणाला, "नको, माझं मला पुरतं." सही केली.)
२. घोरी. (कलम पहिलं मान्य नाही असं सांगून सही केली.)

माझी सही, एकाच तऱ्हेने: यंदा
ठिकाण: कामगारांची खोली, खालचा बिछाना
तारीख: सोमवारच्या आदल्या दिवशी, यंदा