डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय

आई, आज भाईंदर पश्चिमेच्या आपल्या मेडिकलवाल्याशी भांडून आले. तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि भांडायला मला आत्ता सवड मिळाली.

इंग्लंडला गेले त्या पहिल्याच हिवाळ्यात माझी पाठ धरली होती, आठवतं? तिथल्या औषधाच्या दुकानातली बाई गोड हसून म्हणाली, ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळणार नाही. आणि डॉक्टर भेटायला पुढचा महिना उजाडणार होता. मी फोनवर रडकुंडीला आलेय आणि तू इकडे पोळ्या लाटता लाटता हसतेयस. "कसला गं तुझा तो देश! साधी गोळी देत नाहीत? आमचा मेडिकलवाला बघ, नुसतं गुडघा म्हटलं की गोळ्यांची पट्टी काढतो." मग शेजारच्या काकूंचा मुलगा तिकडे यायला निघाला, त्याच्याबरोबर तू लोणच्यासोबत त्या गोळ्या पाठवल्यास. केवढं कौतुक वाटलं होतं मला तुझं!

तीच गोळी तू रोज खात होतीस. बिनलिफ्टचा तिसरा मजला, ते गुडघे, आणि जेवण झालं की गोळी, वर्षानुवर्षं. किडन्या गेल्या तेव्हा हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी विचारलं, "ह्या कुणी लिहून दिल्या?" मी तुझ्याकडे बघितलं, तू भिंतीकडे. मग डायलिसिस, मग तेही थांबलं. नियम आपल्याकडेही आहे गं, अशा गोळ्यांच्या प्रत्येक पट्टीवर लाल चौकटीत छापलेला असतो. तिकडे तोंडावर नाही म्हणतात आणि महिनाभर कण्हायला लावतात. इकडे कुणी नाहीच म्हणत नाही. मला तिकडच्या थंड माणसांचा राग येतो, इकडच्या प्रेमळ माणसांचा त्याहून जास्त, आणि फोनवर हसणाऱ्या तुझा सगळ्यात जास्त.

मेडिकलवाल्याने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "दीदी, मैं मना करता तो आंटी बाजूवाले से ले लेतीं. सरकारी में लाइन लगातीं क्या, उन घुटनों से?" मी नुसताच आवाज चढवला. लोक बघायला लागले.

हे कुठे पाठवणार मी? दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही, म्हणून लिहितेय. भांडता भांडता पाठीत कळ आली, मी काउंटरला धरून उभी राहिले. त्याने काही न विचारता त्याच गोळ्यांची पट्टी पुढे सरकवली. मी घेतली, आई. आणि तिकडे न्यायला आणखी मागितल्या.