रोगवाफ्यावरचं फळ

१२ नोव्हेंबर १९३६
आलो बुवा एकदाचे नाशकात! टांग्यातून उतरताना मालनचं तोंड प्रवासाने एवढंसं झालं होतं; पण मळा बघितला आणि बाईसाहेब खुलल्या. त्र्यंबकच्या रस्त्याला, सातपूर गावाच्या अलीकडे विहीर, पेरूची रांग आणि आम्हाला दोन खोल्या. तिला चौथा महिना लागलाय. पहिलटकरीण, माहेरी ठेव, असं सगळ्यांचं म्हणणं. मीच हट्टाने घेऊन आलो. हवा चांगली, भाजी ताजी, आणखी काय पाहिजे?

मालक खंडेराव शेतकी खात्यातून निवृत्त झालेले, एकटेच राहतात. त्यांचा सगळा जीव टोमॅटोत. इकडची माणसं त्याला बेलवांगी म्हणतात आणि तोंडाला लावत नाहीत! फळ घट्ट, चवदार असावं आणि कीडरोग त्याच्याकडे फिरकू नये, असं वाण त्यांना काढायचंय. त्यासाठी मला बोलावलंय. छाती फुगली की नाही?

१९ नोव्हेंबर
कामाची रीत कळली. संध्याकाळी उमलायच्या बेताची कळी चिमट्याने उघडायची, आतले पुंकेसर काढून टाकायचे, वर मलमलीची पिशवी बांधायची. सकाळी दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा. एवढं कॉलेजात केलंय. नवीन आहे तो रोगवाफा. मळ्यात मेलेलं प्रत्येक झाड त्या एका वाफ्यात गाडायचं, किडकी फळं तिथेच कुजवायची. माती वर्षागणिक जास्त विखारी होते. त्यात नवी रोपं लावायची. बहुतेक मरतात. जे तगेल, त्याचं बी धरायचं. खंडेराव म्हणाले, आजाऱ्याला औषध देणं वैद्याचा धंदा, आपला नव्हे.

यंदा तिथे एकच झाड उभं आहे. काय देखणं दिसतं!

८ डिसेंबर
त्या झाडाची पहिली फळं. प्रत्येक तोड्याची चव घेऊन शेरा लिहायचं काम माझं, आणि माझे दात लिंबू नुसतं बघूनच आंबतात. मग युक्ती काढली. मालनला डोहाळे आंबटाचेच! टोपली तिच्यापुढे ठेवली. "अहो, असलं फळ मी जन्मात खाल्लं नाही," म्हणाली आणि बोटं चाटत बसली. मी शेरा लिहिला, अत्युत्तम. खंडेराव खूश. जीभ कुणाची, हे त्यांना काय कळतंय!

२९ डिसेंबर
गंमतच आहे. फळात शिरू पाहणारी अळी सालीखाली वाळून काडी झालेली सापडली. पानांवर मावा नाही, की उभं झाड सुकवणारा मर रोग नाही. आणि मालनला डास चावत नाहीत! मला फोडून काढतात. तिच्या हातावर बसला की उलटा होऊन पडतो. ती मेलेले डास मला मोजायला लावते आणि पोट धरून हसते.

१७ जानेवारी १९३७
आज बी काढायला बसलो. बी कसलं, नुसती टरफलं. खंडेराव बराच वेळ एक टरफल चिमटीत फिरवत राहिले. मग म्हणाले, हे झाड आपल्या आत दुसरं काही जगूच देत नाही. आपलं-परकं त्याला कळत नाही. बी नाही तर नाही, फांद्या रोवून वाढवू.

ते वाक्य काही डोक्यातून जाईना. घरी येऊन मालनला विचारलं, पोर हलतं का गं? म्हणाली, परवापर्यंत हलत होतं.

१८ जानेवारी
रोशनबीला आणलं. भद्रकालीतली सुईण, जुनीजाणती. पोटाला कान लावून बसली. "जीव है भाऊ, पन लय धीमा चालतोय." मला रडू आवरेना. टोपली विहिरीमागे फेकली. मालनने शपथ घेतली, ते फळ पुन्हा खाणार नाही म्हणून.

खंडेरावांना सगळं सांगून टाकलं, चव मालन घेत होती तेही. रागावले नाहीत. एवढंच विचारलं, अजून जिवंत आहे ना?

४ फेब्रुवारी
हललं! लुगड्यावरूनही दिसतं. देवा, तुझे किती उपकार मानू! मालनला भूक नाही, पाणी मात्र सारखं मागते.

१९ फेब्रुवारी
पोर जोरात आहे. मालन नाही. सकाळी जरा ताजी, उन्हं चढली की मान टाकते. ओठ फाटलेत. मर लागलेलं झाड असंच— नको. हे लिहायला नको होतं.

तिला माहेरी नेतो म्हटलं. रोशनबी म्हणते, टांग्याचे धक्के सोसायचे नाहीत.

२६ फेब्रुवारी
खंडेराव आले. मालनच्या तोंडाकडे बघितलंच नाही, पोटाकडे बघत राहिले. इतकं खाऊनही तगलं, म्हणाले. मी हात जोडले— मालन सुकतेय हो, डॉक्टर आणा. म्हणाले, आता त्यालाही आपलं-परकं—

आणि एकदम उठले. घाबरले होते. टोपी इथेच विसरून गेले.

डॉक्टर आलेला नाही.

२ मार्च
रोशनबीने पोटाला हात लावला आणि किंचाळली. तिच्या बोटांची टोकं पांढरी, सुरकुतलेली. पुन्हा येणार नाही म्हणाली. "भाऊ, हात नका लावू." मालनने ते ऐकलं.

३ मार्च
मालन रडते, पण डोळ्यांत पाणी नाही. म्हणते, सगळ्यांनी टाकलं मला. तुम्हीसुद्धा. खंडेराव येऊन गेल्यापासून जवळ येत नाही तुम्ही.

खरं आहे. मला भीती वाटते. माझ्याच बायकोची— नाही, तिची नाही—

एकदा हात ठेवा म्हणते. एकदाच. कसं नाही म्हणू? तिच्यापुढे टोपली मीच—

डावा ठेवतो. उजव्याने लिहीत राहतो, म्हणजे धीर—

ठेवला. मालन हसली. किती दिवसांनी—

आतून काहीतरी तळव्याशी आलं. थांबलं. हात निघत नाही. मालन, सोड— ती धरतच नाहीये, तिचे दोन्ही हात बाजूला—

बोटं कळत नाहीत. मनगट—

मालन? अगं, डोळे उघड. बघ ना, हात काढला नाही मी. ऐकतेस ना? मी तुला टाकलं नाही, मी तुला—