आप्पा म्हणतात

१२ मार्च १९४८

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा भाऊ डायरेक्टर झाला! चार वर्षं दुसऱ्यांच्या सेटवर खुर्च्या उचलल्या, नटांना संवाद नकलून दिले. आता कथा माझी आणि दिग्दर्शनही माझंच. प्रोड्यूसर भला माणूस आहे, फक्त सदानकदा घाबरलेला असतो.

सोबत पटकथा पाठवतोय. एक काम कर. दुपारी आप्पा पुस्तकं शिवायला बसले की दुकानात त्यांच्यासमोर बसून ही मोठ्याने वाच. लहानपणी ते बांधणी करायचे आणि मी गोष्टी सांगायचो, आठवतं? गोष्ट रंगली की त्यांची सुई थांबायची, कंटाळा आला की हात भराभर चालायचा. तोंडाने कधी चांगलं म्हणाले नाहीत, पण त्या सुईइतका चोख परीक्षक मला अजून भेटलेला नाही. सुई थांबेल तिथे तांबड्या पेन्सिलीने खूण कर.

शाळेच्या वह्यांची ऑर्डर अर्धी टाकून मी पळालो, हे ते विसरले नसणार. बोलावल्याशिवाय पाऊल टाकू नकोस, असं त्यांनीच बजावलं होतं. त्यांनी एकदा ये म्हणावं, एवढंच मला हवंय. बाकी नाव झालं काय आणि न झालं काय. तेवढं कसंही करून जमव.

तुझ्या मायेवरच इथे उभा असलेला,
गोष्ट्या


२ एप्रिल १९४८

चि. गोष्ट्यास,
अ. उ. आ.

डायरेक्टरसाहेब, अभिनंदन. अक्षर मात्र अजून कोंबडीचे पायच.

वाचून झालं. आप्पा आधी गुरगुरले, मग ऐकत बसले. सुई तीनदा थांबली, खुणा केल्या आहेत. पण नवरा गेल्याची बातमी येते आणि तुझी नायिका दोन पानं हंबरडा फोडते, तिथे हात नुसता पळत होता. आप्पा म्हणतात, की ती दोरीवरचे कपडे काढते आहे ना, मग तिला काढू दे. त्याचा सदरा हाताला लागला की घडी घालून बाजूला ठेवू दे, बस्स. तीच एवढी रडली तर बघणारे कोरडेच घरी जातील. मला तर पटलं बाई.

घरी येण्याचंही विचारलं. आप्पा म्हणतात, की एकदा हातातलं काम अर्धं टाकून गेलास. आता हे धरलंयस ते पुरं कर, मग बघू. माणूस तुला ठाऊक आहे, घाई करून उपयोग नाही. वेळेवर जेवत जा. तुझ्या बरगड्या मोजता यायच्या, अजून तशाच असतील.

आठवण ठेवणारी,
ताई


८ सप्टेंबर १९५१

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तिसराही चालला! काल थिएटरात मागच्या रांगेत लपून बसलो होतो. शेजारचे काका नाक शिंकरून शिंकरून बेजार. पहिल्यातल्या सदऱ्याबद्दल तर लोक अजून मला थांबवून बोलतात. मी मान डोलावतो आणि मनात आप्पांना नमस्कार करतो. दुसऱ्यातलं वकिलाचं भाषण त्यांनी कापायला लावलं, तेव्हा मी चरफडलो होतो. आता कळतंय, ते राहिलं असतं तर लोक उठून गेले असते.

खरं सांगू? एका छपराखाली आम्ही कधी इतकं बोललो नव्हतो. पूर्वी घरासाठी जीव तुटायचा. आता तुझं पाकीट आलं, आप्पा म्हणतात हे दोन शब्द वाचले, की पोट भरतं. येईन सावकाश, ते बोलावतील तेव्हा. पुढच्या चित्रपटाच्या नामावलीत मात्र त्यांचं नाव टाकणार आहे.

तुझा ऋणी आणि थोडा जाडा झालेला,
गोष्ट्या


२० सप्टेंबर १९५१

चि. गोष्ट्यास,
अ. उ. आ.

नाव अजिबात टाकू नकोस. आप्पा म्हणतात, की असली थेरं नकोत. टाकलंस तर पुढचं एक पान ऐकणार नाहीत, मग माझ्या नावाने बोंब मारू नकोस.

चौथी पटकथा पाठव. शेवट जमत नसेल तर बघूया.

डिंकाने हात चिकटलेत, म्हणून इतकंच. माझ्यावरची माया पातळ करू नकोस.

ताई


९ नोव्हेंबर १९५६

चि. गोष्ट्यास,
अ. उ. आ.

आप्पा आठ दिवस अंथरुणावर आहेत. छातीत पाणी झालंय, डॉक्टर सकाळ-संध्याकाळ येऊन जातात. आप्पांनी तुला बोलावलंय. पत्र मिळताच नीघ. मी खरंच सांगते आहे, नीघ.

वाटेकडे डोळे लावून बसलेली,
ताई


१४ नोव्हेंबर १९५६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून डोळे भरले. शेवटी बोलावलं म्हणायचं म्हाताऱ्याने! पण इथे अख्ख्या गल्लीचा सेट उभा आहे, नायिकेच्या तारखा गेल्या तर पुन्हा वर्षभर मिळणार नाहीत. दहा दिवसांत आटपतो आणि सुटतो. आप्पांना सांग, की तुमचंच वाक्य पाळतोय, हातातलं काम अर्धं टाकून येत नाही. त्यांनाच बरं वाटेल. पूर्वीही दोनदा छाती धरली होती, तेव्हा आठवड्यात उठून बसले होते ना?

शेवटचा प्रसंग सोबत आहे. पडल्या पडल्या वाचून दाखव, जरा करमणूक होईल.

लवकरच समोर येणारा,
गोष्ट्या


२० जानेवारी १९५७

चि. गोष्ट्यास,
अ. उ. आ.

तू आलास तेव्हा आप्पांना जाऊन चार दिवस झाले होते. दोन दिवस त्यांच्या पाटावर बसून राहिलास आणि गेलास. तोंडावर सांगायची छाती झाली नाही, म्हणून लिहिते.

तुझी पहिली पटकथा मी त्यांच्यासमोर उघडली तेव्हा दुसऱ्याच पानावर ते उठले आणि आत जाऊन दार लावून घेतलं. पुन्हा ते कागद दुकानात आणलेस तर डिंकाच्या पातेल्यात घालीन, असं म्हणाले. त्यानंतर एकही पान त्यांनी ऐकलं नाही. सुई कधी थांबली नाही. खुणा माझ्या. सदरा माझा, वकिलाचं भाषण मी कापलं, हातातलं काम पुरं कर हे वाक्यही माझंच.

तू खचशील म्हणून एकदाच केलं. चित्रपट चालला, मग सांगणार कुठल्या तोंडाने? आणि खरं सांगायचं तर मला ते आवडू लागलं. दिवसभर पुस्तकांच्या पाठी चिकटवणारी मी, आणि मी सुचवलेलं हजारो लोक बघत होते. तू आला असतास तर सगळं उघडं पडलं असतं. म्हणून तुला लांब ठेवलं. पोटच्या पोरासारखं वाढवलं तुला आणि हे केलं.

आठ वर्षांत आप्पांचं खरं वाक्य मी एकच लिहिलं, तुला बोलावल्याचं. तार करायला हवी होती. पत्रांचीच सवय, सुचलंच नाही. शिव्या दे, पण लिही.

ताई


३ मार्च १९५७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

महिनाभर लिहायला हात उठला नाही. राग आला, अजून आहे. मी माझ्या बापाला तुझ्या वाक्याने नाही म्हटलं, ताई. माझे चित्रपट कोणाचे, हे मी कधीतरी स्वतःला विचारीन. आज ताकद नाही. एडिटिंगच्या टेबलावर रिळं पडून आहेत, मी हात लावत नाही. प्रोड्यूसर रोज येऊन घाबरून जातो.

एकच मागणं. ते नक्की काय म्हणाले, कसे म्हणाले, आणि माझं पत्र आल्यावर काय झालं, ते लिही. पण जसं घडलं तसं. त्यात तुझं काही घालू नकोस. सुधारू नकोस.

गोष्ट्या


१० मार्च १९५७

चि. गोष्ट्यास,
अ. उ. आ.

सकाळी दूध घेऊन गेले. भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्याला बोलाव, असं म्हणाले. मी कोणाला म्हणून विचारलं. तर चिडले, मला मुलगे आहेत तरी किती, म्हणाले. दूध अर्धंच प्यायले.

तुझं पत्र अठरा तारखेला आलं. काय लिहितो, असं त्यांनी विचारलं. मी तेव्हाही खोटंच बोलले. निघालाय म्हटलं. तेव्हा त्यांनी मला खाट फिरवायला लावली, दाराकडे तोंड येईल अशी. पहिल्या दिवशी चार-पाचदा विचारलं, कुठवर आला असेल. दुसऱ्या दिवशी दोनदा. तिसऱ्या दिवशी विचारलं नाही, नुसते दाराकडे बघत होते. दुपारी गेले.

यात मी काही घातलेलं नाही. घालायचंच असतं तर तुला दारातून आत आणलं असतं.

तुझ्या मायेवर आता हक्क सांगत नाही,
ताई