पहिल्या तारखेचं काजळ

आई,

आज जानेवारीची पहिली तारीख. तुर्भ्याला तुझ्या मैत्रिणीकडे गेले होते, आत्ताच परत आले आणि पर्ससुद्धा जागेवर न ठेवता टेबलाशी बसले. घरातली सगळी बाहेर गेली आहेत, खांदेश्वरच्या या घरात दुपारभर मी एकटीच. तू गेलीस त्याला इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायला मला जरा थांबावं लागतं. त्या बाईचा हेवा वाटायला मात्र अजून थांबावं लागत नाही. आजही तिच्या दारात पाऊल टाकलं आणि तो हजर झाला. तिनं प्रेमानं "आलीस का माय?" म्हटलं तरी काही फरक पडला नाही. म्हातारी झाली आहे, गुडघे धरून उठते, माझ्यासाठी चहात आलं घालते, आणि मी तिच्याकडे बघत मनात म्हणत असते, हिला काय काय मिळालं होतं.

मसाल्याचं मार्केट मुंबईहून वाशीला आलं आणि त्याच्या मागोमाग आपणही घणसोली गावातल्या भाड्याच्या खोलीत आलो. आबा मार्केटात गोणी वाहायचे आणि तू एका गाळ्यात बायकांच्या रांगेत बसून मिरचीची देठं खुडायचीस. संध्याकाळी तुझ्या हातांची आग व्हायची. तू खोबरेल लावायचीस, ताकात हात बुडवून बसायचीस, साबणानं घासघासून धुवायचीस, पण ती आग कातडीच्या आतच मुक्कामाला असायची. तू भाकरी वाढलीस की आबा म्हणायचे, "ठेचा कशाला केलास? भाकरीतच हाय की." तू हसायचीस. मला हसू यायचं नाही. कारण त्या हातांनी तू मला कधी मानेच्या वर शिवली नाहीस. मला ताप आला तर तू माझ्या कपाळाला कोपर लावून बघायचीस. पदरानं माझं नाक पुसायचीस, बोटं पदराच्या आत ठेवून. माझ्या वेण्या घरमालकीण घालायची. शेजारी ओट्यावर बसून हाक मारायची, "ये गो पोरी. तुजे आयशीचे हाताला मिरची हाय, डोले जातील तुजे." मी मुकाट्यानं जाऊन तिच्या पुढ्यात बसायचे. वर्गातल्या मुली भांडताना म्हणायच्या, थांब, आईला सांगते, ती तुझा कान पिरगाळेल. मला वाटायचं, माझ्या आईनं माझा कान पिरगाळला असता तरी चाललं असतं.

हे सगळं मी सोसलं, कारण मिरची ही मिरची होती. तिच्यावर रुसून काय करणार? पण मी सातवीत असताना एका पहिल्या तारखेला शाळेतून घरी आले, तर तू स्टोव्हपाशी बसलेली आणि तुझ्या डोळ्यांत काजळ. दाट, खालच्या पापणीवर नीट ओढलेलं. आबांनी आल्या आल्या पाहिलं आणि म्हणाले, "आज नवरी कुठनं उतरली म्हनायची?" तू चक्क लाजलीस. म्हणालीस, "आज साल बदललं न्हवं? हिच्या मावशीनं घातलं." मग आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणालीस, "आन् म्या तिला." आबा हातपाय धुवायला गेले. माझं ताटातलं जेवण तसंच राहिलं. आन् म्या तिला. म्हणजे तुझं बोट तिच्या डोळ्यात गेलं होतं.

हळूहळू, तुझ्या तुटक बोलण्यातून मला कळत गेलं. मावशी, म्हणजे तुझी ही मैत्रीण, तुझ्या शेजारी बसून मिरची खुडायची. मराठवाड्यातली, तुर्भ्याच्या वस्तीत राहणारी. पाडव्याला तू आमची असायचीस, गुढी, श्रीखंड, दारातली रांगोळी. चौदा एप्रिलला ती तिच्या माणसांची असायची, पांढरं लुगडं नेसून मिरवणुकीत. दोघींना मिळून असा सण नव्हता. पण पहिल्या जानेवारीला तिच्या घरची माणसं टेम्पो करून भीमा कोरेगावला जायची आणि तिला गाडी लागायची म्हणून ती मागे राहायची. खोली दिवसभर रिकामी. तोच दिवस तुम्ही धरलात. डिसेंबर संपत आला की दोघी मुकादमाच्या मागे लागून मिरची सोडायच्यात आणि धने निवडायला बसायच्यात, म्हणजे हात निवतील. पहिल्या तारखेला दोघींचा खाडा. ती एरंडेलाचा दिवा लावून, वर तांब्याची ताटली उपडी घालून नवं काजळ धरायची. मागच्या वर्षीचं उरलेलं चौकटीला पुसून टाकायची. मग आधी ती तुझ्या डोळ्यांत, मग तू तिच्या. असं तुमचं नवं वर्ष लागायचं.

तुझ्या हाताला मिरची नव्हती, आई. अख्ख्या वर्षात तो एक दिवस असा होता की तुझे हात साध्या बाईचे हात होते, आणि तो दिवस तू तुर्भ्याला नेऊन दुसरीला देत होतीस. माझ्या पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून.

दोन वर्षांनी मी शाळेला दांडी मारून तुझ्या मागे गेले. तू पुढच्या दारानं बसमध्ये चढलीस, मी मागच्या. तुर्भ्याला ट्रकांच्या रांगेआडून चालत राहिले. तू एकदाही वळून पाहिलं नाहीस. इतकी घाई मी तुझ्या चालीत कधी बघितली नव्हती. मी दाराच्या बाजूला उभी राहते. आत मावशी पाटावर बसली आहे, मान वर करून, डोळे उघडे ठेवून. तू तिच्या समोर गुडघ्यांवर. डाव्या हातानं तिची हनुवटी धरली आहेस, आणि उजव्या हाताची करंगळी तिच्या डोळ्याच्या कडेनं फिरते आहे, सावकाश. मग तू विचारतेस, "झोंबलं का?" ती म्हणते, "न्हाय." तू पुन्हा विचारतेस, "खरं सांग, झोंबलं का?" "न्हाय म्हणलं की, बाई!" आणि दोघी हसायला लागता. तोंडावर पदर न घेता, मोठ्यानं. आपल्या घरी तू कधी अशी हसली नाहीस.

मी आत गेले. म्हणाले, "मला पण घाल." तुझा चेहरा उतरला, चोरी पकडल्यासारखा. करंगळी तू मुठीत घेतलीस, मूठ पदरात. मावशी म्हणाली, "घाल की माय लेकराला. बघ, माझे डोळे हायेत का न्हाईत?" तू म्हणालीस, "नगं." मी म्हणाले, "का नको? आज मिरची नाही हाताला." तू म्हणालीस, "शाळा सोडून आलीस व्हय गं? चल घरला." मावशीनं डबी उचलली, "ये बाळा, मी घालते," म्हणाली. मी तिचा हात झिडकारला आणि बाहेर पडले. तुझ्याच हाताचं हवं होतं मला, कुणाच्याही नाही. तू मागोमाग आलीस, आणि तुझ्या डोळ्यांतलं काजळ रस्ताभर ओघळत होतं. तू त्या दिवशी रडलीस हे मला दिसलं होतं. मी समजले की मी तुमची मजा घालवली म्हणून रडतेस.

मग तू आजारी पडलीस. मिरची सुटली, मार्केट सुटलं. कित्येक महिने तू खाटेवर होतीस, हातांची सालपटं निघून आतून मऊ, गोरी कातडी आली होती. मी कॉलेजातून येऊन तुझ्याजवळ बसायचे. एकदा तुझा डोळा लागला होता, तेव्हा मी तुझा हात हळूच उचलून माझ्या गालाला लावायला गेले. तू झोपेतसुद्धा तो ओढून घेतलास. त्याच आठवड्यात मावशी भेटायला आली, खाटेच्या कडेला बसली, आणि तू डोळे उघडून पहिली गोष्ट काय केलीस, तर तिच्या तोंडावरून हात फिरवलास. सगळ्या तोंडावरून. मी चहा टाकायला उठले आणि पातेलं जरा जास्तच जोरात आपटलं.

तू गेल्यानंतरच्या पहिल्या तारखेला मी तुर्भ्याला गेले. शोकानं गेले असं लोकांना वाटलं असेल. मी गेले ते बघायला, की तिनं तुझ्या जागी दुसरी कुणी बसवली आहे का. मिरचीच्या रांगेत बायका काय कमी होत्या? खोलीत ती एकटीच होती. दिवा लावला नव्हता. ताटली भांड्यांत तशीच पालथी होती. मला बघून तिनं पाट सरकवला आणि मी विचारलं नव्हतं ते सांगायला लागली.

तिनं सांगितलं, मी अंगावर पिणारी होते तेव्हा तू मुंबईत मिरचीच्या कामाला नवी होतीस. एकदा कामावरून येऊन हात धुतलेस, तेल लावलंस, पुन्हा धुतलेस आणि मला काजळ घातलंस. मी रडून रडून निळी पडले. डोळे सुजून बंद झाले. दवाखाना झाला. आजी सगळ्या चाळीसमोर तुला म्हणाली की लेकीला आंधळी करायला निघालीस. तेव्हापासून तू माझ्या तोंडाजवळ हात नेला नाहीस. "मला तिनं सांगितलं आन् रडली," मावशी म्हणाली. "मी म्हणलं, अगं, हात निवू दे चार रोज. मग आधी माझ्या डोळ्यात घालून बघ. न्हाई झोंबलं तर घरी जाऊन लेकीच्या डोळ्यात घाल. नव्या सालाच्या पयल्या दिशी चालू कर. म्हणून तर बसलो आम्ही, माय. तुझ्यासाठी बसलो."

मी विचारलं, "मग?"

"मी म्हणलं न्हाई झोंबलं. ती म्हणली, तू खोटं बोलतीस, मला बरं वाटावं म्हणून. म्हणलं बरं, पुढच्या साली बघू. पुढच्या साली बी तेच."

"आणि त्याच्या पुढच्या?"

तिला खोटं बोलता आलं असतं, मी ते घेतलंही असतं. पण ती म्हणाली, "मग आम्हाला गोडी लागली, माय. वर्षातनं एक दिस कुणी आपली हनुवटी धरतंय, सावकाश. आमच्याकडं कोण बघत व्हतं? मग ती तुझं नाव काढायची, पर तेवढ्यापुरतंच. त्या दिवशी तू दारात आलीस तवा तिला आठवलं, आपण हे कशासाठी करतोय ते. म्हणून रडत गेली."

हे ऐकून माझा हेवा निवायला हवा होता ना? कथेत निवतो. माझा दुप्पट झाला. मला वाटायचं की तो दिवस तिचाच होता. आता कळलं की तो माझा होता, माझ्या नावानं सुरू झाला होता आणि माझ्याशिवाय छान चालला होता. तू मला घाबरत होतीस, आणि तिच्याजवळ तुला भीती वाटत नव्हती. एवढंच होतं ते. प्रेम कमी-जास्त असण्याचा प्रश्नच नव्हता, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. ते खरंही आहे. पण हनुवटी तिची धरलीस.

त्या दिवशी मीच ताटली धुतली, दिवा लावला, काजळ धरलं आणि तिला म्हणाले, वर बघ. तिथून हे माझं सुरू झालं. आता दर वर्षी पहिल्या तारखेला मी खांदेश्वरहून तुर्भ्याला जाते. घरात सगळ्यांना ठाऊक आहे की त्या दिवशी सकाळी मी कुणाची नसते. मुलगी थट्टा करते, "आईचं थर्टी फर्स्टचं टेन्शन नाही, फर्स्टचं असतं." मी मावशीच्या समोर गुडघ्यांवर बसते आणि करंगळीनं, अगदी सावकाश, काजळ घालते. मग विचारते, "झोंबलं का?" ती "न्हाय" म्हणते. आणि मग, दर वर्षी, मी तिला विचारते की तुझं बोट कसं लागायचं. माझ्या आईचं बोट कसं लागायचं हे मला दुसऱ्या बाईला विचारावं लागतं. तीही कंटाळत नाही. आज म्हणाली, "गार. आन् कडेला जरा खरखरीत, पर तिला ठाऊक व्हतं, म्हणून ती कड लावायची न्हाई, पुढचा मऊ भाग लावायची." मागच्या वर्षी यातलं कडेचं तिनं सांगितलं नव्हतं. तिच्याजवळ अजून किती शिल्लक आहे कोण जाणे. ती एकेक काढून देते आणि मी तिच्यावर चिडत चिडत घेते.

हे मी तिला वाचून दाखवणार नाही. तुला तर वाचता येत नव्हतं. गावाकडची पत्रं मी वाचायचे आणि तू ऐकायचीस, आणि नको असलेला मजकूर मी परस्पर गाळायचे. यातलं काही गाळलं नाही, कारण ऐकणारं कुणी नाही. कागद कपाटात साड्यांच्या खाली जातील.

एकच राहिलं. माझं झालं की मावशी दर वर्षी करंगळी काजळात बुडवते आणि म्हणते, "आता तू वर बघ, माय." आणि मी दर वर्षी सांगते, नको, आमच्या ऑफिसात चालत नाही. आई, आमच्या ऑफिसात सगळ्या जणी काजळ घालतात.